रोयणीवरची अळंबी दरवर्षी कमी का होतेय?

प्रश्न : आमच्या घरामागच्या राईत तीन-चार रोयणी आहेत. श्रावणाच्या आगेमागे तिथे अळंबी येते. सासूबाई सांगतात, त्यांच्या वेळी टोपलीभर मिळायची. आता घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढं कालवणही होत नाही. ही अळंबी रोयणीवरच का येते? आणि बटण मशरूमची होते तशी हिची शेती का होत नाही?
– एक वाचक भगिनी, कुडाळ

उत्तर : ताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर रोयणीच्या पोटात आहे. रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ. अळंबी त्यावर येते असं आपण वरून बघून म्हणतो. प्रत्यक्षात ती आतून, वाळवीनं जमिनीखाली राखलेल्या शेतातून वर येते.

वाळवी लाकूड खाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन पचवणं सोपं नसतं. आपल्याकडे रोयणी बांधणाऱ्या ओडोंटोटर्मिस गटातल्या वाळवीनं त्यासाठी बुरशी पाळली आहे. कामकरी वाळवी सुका पाला, काटक्या, साली कुरतडून आत आणते. हा माल खाल्ला जातो आणि अर्धामुर्धा पचून विष्ठेच्या रूपात जमिनीखालच्या कप्प्यांत रचला जातो. त्याच्यासोबत बुरशीचे बीजाणूही पोटातून बाहेर पडतात, म्हणजे थर रचणं आणि पेरणी एकदमच होते. बुरशीचे तंतू त्या थरात पसरतात, लिग्निन फोडतात, आणि काही आठवड्यांनी खालचा मुरलेला भाग वाळवीच्या खाण्याजोगा होतो. वर नवा थर, खाली जेवण, असा हा कारखाना वर्षभर चालू असतो. या बुरशीच्या प्रजातीला शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात. 1942 साली फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी ते नाव दिलं.

रस्त्यासाठी डोंगर कापताना किंवा पावसात दरड घसरताना कधी एखादी रोयण मधोमध चिरली जाते. अशी दिसली तर जरा थांबून बघा. मातीच्या गुळगुळीत कप्प्यांत तपकिरी रंगाचे, सुरकुतलेले, भोकाभोकांचे पिंड ठेवलेले असतात. हातात घेतला तर पिंड हलका आणि किंचित ओलसर लागतो, बोटांनी दाबला की चुरा होतो. डोळ्यांजवळ धरला की त्याच्यावर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे पांढरेशुभ्र गोळे दिसतात. हे गोळे बुरशीनं धरलेले असतात. वसाहतीतली तरुण कामकरी वाळवी हेच खाते आणि त्यांतलेच बीजाणू पुढच्या थरात पेरले जातात.

पावसाळ्यात जमीन पुरेशी मुरली की याच पिंडांतून अळंबीचे देठ वर निघतात. कधीकधी फूट-दीड फूट माती फोडावी लागते, म्हणून अळंबीच्या माथ्यावर मध्यभागी कठीण, टोकदार उंचवटा असतो. उपटताना जी लांबलचक ‘मुळी’ हाती येते, ती खालच्या पिंडापर्यंत गेलेला देठच असतो. वर आल्यावर छत्री उघडते, तिच्या खालच्या पडद्यांतून कोट्यवधी बीजाणू झडतात आणि दोन-चार दिवसांत सारं विरून जातं.

वाळवी आणि बुरशी यांची ही भागीदारी फार जुनी आहे. सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या वर्षावनांत ती एकदाच जुळली. तेव्हापासून ना वाळवीनं बुरशी सोडली, ना बुरशीनं वाळवी. टांझानियातल्या रुक्वा खोऱ्यात या पिंडांचे सुमारे 2.5 कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आणि 2016 साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. आज आफ्रिका आणि आशियात मिळून टर्मिटोमायसिसच्या तीसेक जाती माहीत आहेत. झांबियातल्या एका जातीची छत्री मीटरभर रुंद होते. आपल्याकडे पावसात जमिनीवर पांढरा सडा घातल्यासारखी येणारी बारीक अळंबीसुद्धा याच कुळातली.

आता शेतीचं. बटण मशरूम कंपोस्टवर वाढतं, धिंगरी भाताच्या पेंढ्यावर. दोघांनाही मेलेला, कुजका पालापाचोळा पुरतो. टर्मिटोमायसिसचे तंतूही प्रयोगशाळेत बशीत वाढवता येतात, पण त्यांना छत्री धरायला लावणं बाजारापुरतं कुणाला साधलेलं नाही. रोयणीच्या आत लाखो कामकरी रात्रंदिवस ओल राखतात, नवा थर घालतात, तण काढतात. तण काढणं हे अगदी शब्दशः घ्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे की आपल्याकडची ओडोंटोटर्मिस ओबेसस ही वाळवी आपली बुरशी आणि घुसखोर बुरशी वासावरून ओळखते आणि घुसखोर बुरशीवर माती लोटून तिला गाडून टाकते. वसाहत मेली की थोड्याच दिवसांत घुसखोर बुरशी सगळे पिंड व्यापते. तेव्हा ताई, ही अळंबी हवी असेल तर वाळवी जिवंत हवी आणि रोयण शाबूत हवी. दुसरा मार्ग आज आपल्याकडे नाही.

प्रश्न : आंबा काढला म्हणून आंब्याचं झाड मरत नाही. मग अळमी काढल्यानं ती संपते असं का म्हणतात? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काढतात.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि बऱ्याच बुरशींच्या बाबतीत ती खरीही ठरली आहे. स्वित्झर्लंडमध्ये ला शानेआझ नावाच्या राखीव जंगलात 1975 पासून 2003 पर्यंत, म्हणजे 29 वर्षं, एक प्रयोग चालला. काही वाफ्यांतली सगळी अळंबी काढायची, काहींत हातही लावायचा नाही. शेवटी दोन्हीकडच्या पिकात फरक आढळला नाही. माणसांच्या पायांनी जमीन तुडवली गेली तिथे मात्र अळंबीची संख्या घटली. त्यातली बरीच अळंबी झाडांच्या मुळांशी जोडलेल्या तंतूंवर येणारी होती. तंतू जमिनीत शंभर हात पसरलेले असतील तर वरची फळं काढून त्यांचं फारसं बिघडत नाही.

रोयणीवरच्या अळमीचं तसं नाही. तुम्ही अळमी काढलीत म्हणून खालची वसाहत मरत नाही, हे खरं. पुढच्या वर्षी त्याच रोयणीवर पुन्हा अळमी येईल. तोटा होतो तो पुढच्या पिढीचा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा थवा घोंघावतो, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यातले नर-मादी जोडीनं जमिनीवर उतरतात, पंख टाकून देतात आणि मातीत शिरून नवं घर सुरू करतात. बहुतेक जातींत ही जोडी निघताना माहेरची बुरशी सोबत आणत नाही. त्यांची पहिली पिल्लं मोठी होऊन काही आठवड्यांनी अन्न शोधायला बाहेर पडतात, तेव्हा पाल्यापाचोळ्यावर पडलेले बीजाणू त्यांच्यासोबत घरात येतात आणि पहिलं शेत लागतं. हे बीजाणू येतात कुठून? आसपासच्या उघडलेल्या अळमीतून. पंखवाली वाळवी आधी, अळमी नंतर, हा क्रम निसर्गानं बसवून दिलेला आहे. त्या दिवसांत रानात एकही छत्री उघडू दिली नाही, तर नव्या घरांना बुरशी मिळत नाही आणि बुरशीवाचून ती घरं बसतात.

नेमकं हेच आता जास्त घडू लागलंय. पूर्वी घरापुरती काढायचे. आता फोंड्याकडच्या रस्त्यांवर पानांत बांधलेले पुडे मोजून विकले जातात आणि शहरातून गाड्या थांबतात. न उघडलेली कळी प्रवासात मोडत नाही, जास्त टिकते. म्हणून काढणारा छत्री उघडण्याची वाट बघत नाही. आज आपण थांबलो तर उद्या दुसरा नेईल, ही धास्ती असतेच. कळी काढली की तिचे बीजाणू रानात पडतच नाहीत. त्यातच घाईनं कुदळीनं किंवा काठीनं उकरलं की पिंडाचे कप्पे उघडे पडतात आणि जी वसाहत वाचायची, तीही धोक्यात येते.

जुनी रोयण अनेक वर्षं टिकते, त्यामुळे आज केलेल्या ओरबाडण्याचा परिणाम आज दिसत नाही. जुन्या रोयणी एकेक करून थंडावतात, त्यांच्या जागी नव्या उभ्या राहत नाहीत, आणि मग अचानक वाटतं की यंदा अळमी आलीच नाही. ‘पिढ्यान्‌पिढ्या काढतो, काही झालं नाही’ हे म्हणणं या कारणानं फसवं आहे. गोव्यातले कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत कित्येक वर्षं पोटतिडकीनं हेच बजावत आले आहेत.

सगळा दोष काढणाऱ्यांच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. खाणी, रस्तारुंदीकरण, डोंगर सपाट करणारे जेसीबी, दोडामार्गसारख्या भागात जंगल तोडून लावलेलं रबर, घराच्या पायात ओतलेली वाळवीनाशकं, या सगळ्यांत रोयणीच्या रोयणी जातात. कळ्या काढणारी बाई एका हंगामाचं पीक नेते. जेसीबी शेतासकट शेतकरी नेतो. रोयण गेली की तिच्यासोबत पालापाचोळ्याची माती करणारी, पावसाचं पाणी जमिनीत जिरवणारी यंत्रणाही जाते आणि वाळवी-मुंग्यांवर जगणाऱ्या खवल्या मांजराच्या तोंडचा घासही.

प्रश्न : वाघ मोजतात, गिधाडं मोजतात. बुरशी कोण मोजतं? तिला कायद्याचं संरक्षण आहे का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : बुरशीच्या वाट्याला फार उशिरा लक्ष आलं. धोक्यातल्या जीवांची जागतिक लाल यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या यादीत मार्च 2025 मध्ये बुरशींच्या जातींची संख्या हजाराच्या पुढे, सुमारे 1,300 वर गेली. त्यांतल्या किमान 411 जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. आतापर्यंत वर्णन झालेल्या बुरशी दीड लाखाच्या आसपास आहेत आणि शास्त्रज्ञांच्या अंदाजानं जगात एकूण 25 लाख असाव्यात. म्हणजे आपण ज्यांची प्रकृती तपासली, त्या ओळखीच्या बुरशींतही शंभरात एकसुद्धा भरत नाहीत.

यादीतली दोन नावं मुद्दाम सांगतो, कारण त्यांची गोष्ट आपल्या अळंबीच्या जवळची आहे. इटलीच्या सिसिली बेटावर मादोनिए डोंगरात धिंगरीची एक पांढरी, चवदार बहीण येते. तिची इतकी काढणी झाली की वर्षाला अडीचशेपेक्षाही कमी अळंब्या पूर्ण वाढीला पोहोचत होत्या. 2006 साली ती लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून आली. तिथल्या निसर्ग उद्यानात 3 सेंटिमीटरपेक्षा लहान अळंबी काढायला मनाई झाली, आणि ती लागवडीला वश होत असल्यानं शेतीतून रानावरचा ताण हलका करण्याचा प्रयत्नही झाला. दुसरं नाव हिमालयातल्या कीडा जडीचं. अळीच्या शरीरातून उगवणारी ही बुरशी औषधी म्हणून सोन्याच्या भावानं विकली जाते. 2020 साली तिची नोंद ‘असुरक्षित’ वर्गात झाली. पंधरा वर्षांत तिची संख्या किमान 30 टक्क्यांनी घटली असल्याचा त्यामागचा अंदाज होता. दोन्हीकडे चित्र एकच : भाव चढला, हात वाढले, आणि बीजाणू पडायच्या आत पीक उचललं जाऊ लागलं.

आपल्या कायद्याचं म्हणाल तर, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 29 नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज नेता येत नाही. त्यामुळे भगवान महावीर, म्हादई, नेत्रावळी, बोंडला, खोतीगाव या गोव्यातल्या अभयारण्यांतून अळमी काढणं हा गुन्हा ठरतो आणि वनखात्यानं तशी जाहीर आवाहनंही केली आहेत. पण कायद्याच्या अनुसूचींमध्ये प्राण्यांची आणि वनस्पतींची नावं आहेत, बुरशीचं एकही नाही. अभयारण्याबाहेरच्या रोयणीला कुणी वाली नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशानं 2010 च्या दशकातच पर्यावरणाच्या कायद्यात बुरशीला जागा दिली आणि मोठ्या प्रकल्पांआधीच्या पाहणीत तिची दखल घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे खाणीच्या, रस्त्याच्या पर्यावरण अहवालात झाडांची यादी असते, पक्ष्यांची असते. त्याच अहवालात रोयणी किती आणि त्यांवर कुठली अळंबी येते याचं एक पान जोडायला काहीच हरकत नाही. तुम्ही विद्यार्थी आहात. हे काम करणारी माणसं देशात फार थोडी आहेत, तुमच्यासारख्यांची इथे खरोखर गरज आहे.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातली अळंबी, खातात. म्हातारी माणसं बरोबर ओळखतात, आम्हाला जमत नाही. विषारी कुठल्या हे ओळखायची खूण सांगा.
– एक वाचक, गडचिरोली

उत्तर : खूण सांगत नाही, कारण एका खुणेवर भरवसा ठेवून माणसं दगावतात. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली, शिजवली की विष जातं, या तिन्ही समजुती खोट्या आहेत. सर्वांत घातक विष शिजवूनही टिकतं. त्याची लक्षणं बहुधा सहा तासांनंतर, कधी अर्ध्या दिवसानंतर दिसतात, आणि तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन 13 माणसं गेली. तीही रान ओळखणाऱ्या मुलखातलीच माणसं होती.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची ओळख एका खुणेवर नसते. कुठल्या महिन्यात, कुठल्या मातीत, कुठल्या वारुळाच्या कोणत्या अंगाला, वास कसा, देठ खाली किती खोल गेलाय, पडद्यांचा रंग कोणता, हे सगळं ती एका नजरेत जुळवतात. ती नजर वर्षानुवर्षं सोबत रानात फिरून येते. त्यांच्याबरोबर जा, विचारत राहा, आणि त्यांनी ‘होय’ म्हटल्याशिवाय तोंडात घालू नका. शंका आली की टाकून द्या. त्रास झालाच तर उरलेली अळंबी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. हे ज्ञान नव्या पिढीकडे गेलं नाही, तर अळंबीबरोबर तिची ओळखही जाईल, आणि अशी गेलेली ओळख पुस्तकातून परत मिळत नाही.

प्रश्न : अळम्यांचं तोणाक (कालवण) आमच्या घरी वर्षातून एकदा व्हायलाच हवं. विकत घेऊन खाणं चूक आहे का? आमच्यासारख्यांनी नक्की काय करायचं?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : वर्षातून एकदा खाणं चूक नाही. सरसकट बंदी मलाही पटत नाही, कारण ज्यांच्या घरात पावसाळ्यात दुसरी मिळकत नसते त्या बायकांचा हा हक्काचा पैसा आहे. पण विकत घेणाऱ्याच्या हातात मोठी ताकद असते, ती वापरा. कळ्यांचा पुडा घेऊ नका. उघडलेली अळमी मागा आणि तिला कळीपेक्षा चार पैसे जास्त द्या. उघडलेल्या छत्रीनं रानात थोडेफार बीजाणू झाडलेले असतात आणि चवीत काही कमी पडत नाही. अभयारण्यातली आहे असं कळलं तर नको म्हणा. दोन-तीन पुडे घेऊन फ्रिजमध्ये साठवू नका.

काढणाऱ्यांना माझी विनंती एवढीच : दर रोयणीवर निदान तिसरा हिस्सा उघडू द्या आणि झडू द्या. हातानं अलगद उपटा, कुदळ लावू नका. आणि रोयणीभोवतीचा पाला झाडून नेऊ नका, तेच वाळवीचं धान्य आहे.

आपल्या मुलखात याला जुना आधार आहे. सातेरीच्या देवळांत रोयणच देवी म्हणून पुजली जाते, आणि देवराईतल्या रोयणीला कुणी हात लावत नाही. डोंगर उघडे पडले तिथेही अशा राया तगून राहिल्यात. त्यांतल्या रोयणींवर छत्र्या निवांत उघडतात आणि आसपासच्या रानाला बीजाणू पुरवतात. देवराईतली अळंबी काढायची नाही, असा ठराव गावानं केला, तर एवढ्यानंही पुष्कळ साधेल.

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. पुढच्या ग्रामसभेत ती नोंदवही बघायला मागा. बहुतेक ठिकाणी झाडं, पक्षी, भाताची जुनी वाणं लिहिलेली असतील आणि अळंबीचं पान कोरं असेल. ते पान भरायला गावातल्या काढणाऱ्या बायकांना बसवा : कोणती अळंबी, गावातलं नाव काय, कुठल्या नक्षत्रात येते, दहा वर्षांपूर्वी किती यायची, आता किती येते. नेमकी जागा मात्र उघड लिहू नका, नाहीतर नोंदवहीच व्यापाऱ्याच्या उपयोगी पडायची. एकदा ही नोंद झाली की खाणीचा, रस्त्याचा किंवा प्लॉटिंगचा प्रस्ताव येईल तेव्हा ‘इथे काहीच नाही, नुसता माळ आहे’ असं कुणाला म्हणता येणार नाही. आणि पाच वर्षांनी पुन्हा मोजलंत, तर आपल्या गावातली अळंबी वाढतेय की घटतेय, याचं उत्तर तुमचं तुम्हालाच देता येईल.